दोनशे ऐंशीला एक कमी

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज मी माझं वय सांगितलं आणि ऐकणारी बाई खूश झाली. एरवी लोक ऐकून विषय बदलतात, नाहीतर "वाटत नाही हो" म्हणून तोंडावर खोटं बोलतात.

झालं असं, की सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत होते आणि फाटकाशी पिरोश्का आली. पिरोश्का म्हणजे चौकातल्या बेकरीत चाळीस वर्षं पाव भाजले ती हंगेरियन बाई. आता रिटायर झाली, पण तिच्याजवळ उभं राहिलं की अजून ताज्या पावाचा वास येतो, का मलाच भूक लागलेली असते कोण जाणे. ना नमस्कार ना चमत्कार, तिनं एकदम विचारलं, "स्तेवका, तू सत्तेचाळीस सालची ना?"

"हो. डिसेंबरातली."

"नक्की?"

"मी होते ना तिथं," म्हटलं.

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मग फाटकावरून वाकून तिनं माझा गाल ओढला. म्हणाली, "सत्त्याहत्तर. पुरे दोनशे ऐंशी झाले."

मग सगळं कळलं. गावच्या छताखालच्या तलावात म्हाताऱ्यांचा पोहण्याचा संघ आहे. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते बारा, एवढंच पाणी त्यांच्या वाट्याला येतं. सकाळी शाळेची पोरं असतात आणि दुपारनंतर वॉटरपोलोवाले. एप्रिलात सुबोतित्सा शहरात शर्यती आहेत. त्यात चौघांची रिले असते, दोन बाया, दोन बाप्ये, आणि चौघांची वयं मिळवून गट ठरवतात. दोनशे ऐंशीच्या वरच्या गटात फारसं कुणी येत नाही, कारण त्या वयाची माणसं एकतर दुखतात नाहीतर रुसतात. हे तिघं मिळून दोनशे तीन. त्यांना सत्त्याहत्तरची बाई हवी होती. बुडणार नाही एवढीच अट.

मी तिसा नदीच्या काठावर वाढलेली. पंधरा वर्षांची होईपर्यंत चालण्यापेक्षा जास्त पोहले असेन. पण त्याला साठ वर्षं झाली.

घरात येऊन म्हाताऱ्याला सांगितलं. माझा म्हातारा, मिवा, खिडकीशी बसला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला झटका आला, उजवा हात आणि पाय गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून तो फाटकाबाहेर पडलेला नाही. तीस वर्षं तिसावरून गाड्या आणि माणसं पलीकडे नेणारा नावाडी, सगळं गाव ओळखतं, म्हणूनच नाही पडत. म्हणाला, "तू उतरणार असशील तर आधी कळव त्यांना. पाणी बाहेर येईल, फरशी पुसायला माणूस लागेल."

पण मी पिरोश्काला नाहीच म्हणून सांगितलं. जानेवारीत मिवा न्हाणीघरात पडला होता. त्याला दोन तास एकटं कसं सोडायचं?

ही वही माझ्या नातीनं, येलानं दिली. नोवी सादला शिकते ती. मी म्हटलं मला चार यत्तांपुरतंच येतं. तर म्हणे, आजी, बोलतेस तसंच लिही. आता बघ म्हणावं, किती पानं गेली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

योगायोग म्हणतात तो असा. आज शेजारचा तिमा आपण होऊन आला, काखेत पत्त्यांचा जोड. तिमा मधमाश्या पाळतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मितभाषी माणूस. दारातच टोपी काढून म्हणाला, "शेजारीण, मला मंगळवारी आणि शुक्रवारी घरी करमत नाही. अकरा ते एक मिवाशी पत्ते खेळायला येत जाऊ का?"

नेमके मंगळवार आणि शुक्रवार. मी म्हटलं, तिमा, हे तुला आत्ता सुचावं म्हणजे कमालच झाली. तो टोपीकडे बघत राहिला.

आणि एक गंमत. काल मी दुकानातून आले तर फोन मिवाच्या मांडीवर. विचारलं, कुणाचा होता? म्हणाला, "चुकीचा नंबर." डाव्या हातानं त्याला बटणं दाबता येत नाहीत नीट, तरी लोक चुकीचे नंबर लावून त्याला त्रास देतात.

मंगळवार, २० फेब्रुवारी

गेले. काय सांगू. पाणी कोमट. तिसाचं पाणी जूनमध्येसुद्धा पोटऱ्यांना चावायचं, आणि इथं जणू कुणी माझ्यासाठी तापवून ठेवलंय. पोशाख पिरोश्कानं दिला, काळा, मला दोन ठिकाणी घट्ट आणि एका ठिकाणी सैल. टोपी रबराची, घालताना केस उपटले, आरशात बघितलं तर सोललेलं अंडं.

संघात आम्ही चौघं. पिरोश्का, एकोणसत्तर. राडिवोय, पोस्टमन होता, सहासष्ट, आमच्यातला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात वेगवान. असा पोहतो जणू मागं कुत्रा लागलाय, सवय असेल. ज्युरा, अडुसष्ट, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, श्वास सोडताना तसाच आवाज येतो. आणि शिकवायला नेवेना, चोवीस वर्षांची पोरगी, आम्हांला "अहो" म्हणते आणि घोड्यासारखं पळवते.

मी उतरले आणि हात मारले. साठ वर्षांनी. हात विसरले नव्हते. डोकं मात्र वर, कुत्र्यासारखं. नेवेना म्हणाली, "स्तेवका आजी, तोंड पाण्यात घालायचं." म्हटलं, "तोंड पाण्यात घातलं तर बोलायचं कशानं?" राडिवोय म्हणाला, "म्हणूनच घालायचं."

बाहेर आल्यावर नेवेनानं नवी गोष्ट सांगितली. तलावाच्या मॅनेजरनं कळवलंय, सप्टेंबरपासून आमचा तास वॉटरपोलोच्या पोरांना जाणार. फक्त शर्यतीत उतरणाऱ्या संघांनाच वेळ मिळेल, आणि पहिल्या तिघांत यायला हवं. म्हणजे सुबोतित्साला काही झालं नाही तर हा तास गेला. मी आजच आले आणि आजच मला रडू यायला लागलं, म्हटलं हा काय मूर्खपणा, एक तास पाण्यात काढला आणि लगेच जीव जडला.

घरी आले तर मिवा पत्ते जिंकत होता. तिमा सगळे डाव हरला. हुकमाचा एक्का कधी टाकायचा हेसुद्धा त्याला माहीत नाही. मग येतो कशाला खेळायला? एकटेपणा वाईट.

शुक्रवार, १ मार्च

तोंड पाण्यात घालता येतं आता. नाकात गेलं, कानात गेलं, पण घातलं. पाण्याखाली तळाच्या निळ्या फरश्या दिसतात, एकेक मोजता येते. गंमत म्हणजे तिथं खाली काहीच ऐकू येत नाही. न्हाणीघरात कोण पडलं, दूध उतू गेलं, काही नाही. मी आधी घाबरले, मग मला ते आवडलं, मग आवडलं म्हणून वाईट वाटलं.

मिवानं जेवताना विचारलं, "किती?"

"काय किती?"

"किती वेळा गेलीस पलीकडे?"

म्हटलं, आठ वेळा. तो सूप ढवळत म्हणाला, "मी दिवसाला चाळीस वेळा जायचो."

"तू नावेत होतास."

"तरी," म्हणाला.

मंगळवार, १२ मार्च

पन्नास मीटर न थांबता. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. नेवेनानं घड्याळ मला दाखवलं तेव्हा मी तिला मिठीच मारली, ती बिचारी कोरडी होती. मी डोक्यानं सूर मारत नाही, पाण्यातच भिंत धरून उभी राहते आणि तिथूनच सुटते, तसं चालतं म्हणे. एकच भानगड आहे. आधीच्या माणसाचा हात भिंतीला लागल्याशिवाय मी भिंत सोडायची नाही. एक क्षण जरी आधी सोडली तर चौघं बाद. आणि मला तर त्या पोहण्याच्या चष्म्यातून सगळं धुकंच दिसतं, टोपीत कान झाकलेले. म्हणून नेवेना माझ्या डोक्यावर उभी राहून सांगते, "आता." मग मी सुटते.

राडिवोयनं शर्यतीसाठी लाल चड्डी विकत घेतली आहे. दाखवायला पिशवीतून काढली, आम्ही सगळ्यांनी हात लावून बघितली. चांगलं कापड आहे.

रविवार, ३१ मार्च

दोन आठवडे गेले नाही. मिवाला ताप होता, खोकला होता. मी त्याच्या उशाशी बसले आणि मला सारखा तो निळा तळ आठवायचा. माणूस तापानं फणफणतोय आणि बायकोच्या मनात फरश्या.

आज चर्चबाहेर मिलोसावानं ऐकवलं. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. म्हणाली, "उपवासाचे दिवस, घरात नवरा अर्धा मेलेला, आणि ही उघड्या मांड्यांनी पाण्यात. बाप्यांबरोबर." मला उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर, बटाटे सोलताना. मला नेहमी बटाटे सोलताना सुचतं.

मिवाला सांगितलं, की आता बास, मी नाही जात. तो म्हणाला, "मिलोसावाला सांग, अर्धा मेलाय, पण दुसरा अर्धा पत्ते खेळतो. मंगळवारी तिमा येणार आहे. तू घरात असलीस की तो खेळत नाही, तुझ्याशी गप्पा मारत बसतो. माझा खेळ मोडू नकोस."

आता तिमा माझ्याशी कधी गप्पा मारत बसला? पण आजारी माणसाला वाद घालून दमवायचं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

सगळं माझ्यामुळं बिघडलं.

नेवेनानं नावं पाठवायला ओळखपत्रं मागितली. माझं तिनं बघितलं, पुन्हा बघितलं. "आजी, तुम्ही सत्तेचाळीस म्हणाला होतात. इथं नऊ जानेवारी अठ्ठेचाळीस आहे."

म्हटलं, "ते सरकारचं आहे. खरी तारीख पाद्र्याच्या वहीत आहे. नाताळचा तिसरा दिवस, संत स्तेवानचा, म्हणून तर माझं नाव स्तेवानिया. पाद्र्यानं स्वतः लिहिलंय, सत्तावीस डिसेंबर सत्तेचाळीस. त्यानं दिलेला दाखला आमच्या घरी भिंतीवर लावलाय, काचेत."

नेवेना माझ्याजवळ बाकावर बसली. हळू आवाजात म्हणाली, "आजी, चर्चचं पंचांग आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागं चालतं ना? नाताळ आपण सात जानेवारीला करतो, पण चर्च त्याला पंचवीस डिसेंबरच म्हणतं. तसंच हे. पाद्र्याचा सत्तावीस डिसेंबर म्हणजे सरकारचा नऊ जानेवारी. दिवस तोच आहे."

"दिवस तोच ना? मग भांडण कशाचं?"

"साल बदलतं. शर्यतीवाले सरकारी साल धरतात."

मला कळायला वेळ लागला. आयुष्यभर मला वाटायचं, सरकारनं माझं एक वर्ष चुकून कमी लिहिलंय, आणि मी कधी तक्रार केली नाही, कोण करेल? लग्नाच्या वेळी तर बरंच झालं. आणि आता जेव्हा पहिल्यांदा ते वर्ष कामाला येणार होतं, तेव्हा कळलं, ते नव्हतंच. मी शहात्तरची. दोनशे ऐंशीच्या जागी दोनशे एकोणऐंशी.

खालच्या गटात चौदा संघ आहेत. तिथं साठीची माणसं येतात, खांदे दरवाज्याएवढे. आम्ही पहिल्या तिघांत काय, शेवटच्या तिघांतसुद्धा वेळेवर पोचणार नाही.

कुणी मला दोष दिला नाही, तेच वाईट. पिरोश्कानं मला खसखशीची गोड गुंडाळी दिली, तिनंच केलेली. हातात धरून घरी आले. खाल्ली नाही. संध्याकाळी खाल्ली.

मंगळवार, ९ एप्रिल

राडिवोय आज पाण्यात उतरलाच नाही. कपडे घालूनच आला, हातात कागद. म्हणाला, "मी रात्रभर बेरीज केली. अडचण स्तेवकाची नाही, माझी आहे. मीच सगळ्यात लहान. माझ्या जागी सदुसष्टचा किंवा वरचा कुठलाही बाप्या आणा, झालं काम."

ज्युरा म्हणाला, "तू आमच्यातला एकटा आहेस ज्याला पोहता येतं."

"या गटात आपल्याला धरून तीनच संघ आलेत," राडिवोय म्हणाला. "नेवेनानं फोन करून विचारलंय. तिसरे आलात तरी चालतंय. पोहता येणारा नकोय, म्हातारा हवाय."

त्यानं हे असं सांगितलं जणू कुणा दुसऱ्याचंच पत्र पोचवतोय. मला त्या लाल चड्डीची आठवण झाली आणि मी दुसरीकडे बघितलं.

पण म्हातारा आणायचा कुठून? आम्ही गावातले सगळे मोजले. एकाची कंबर, एकाचं हृदय, एक जर्मनीला मुलाकडे, एक भांडलेला.

घरी येऊन कोट काढता काढता सगळं सांगितलं. मिवा आणि तिमा पत्ते खेळत होते. मिवा पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणाला, "तिमा चौऱ्याहत्तरचा आहे. पुला बंदरात नौदलात होता दोन वर्षं."

तिमाच्या हातातून पत्ते पडले. सगळे चित. त्याच्याकडे दोन एक्के होते आणि तरी तो हरत होता.

"मिवा, वेडा आहेस का," तिमा म्हणाला. "मग तुझ्याजवळ कोण बसणार? तूच तर मला..." त्यानं माझ्याकडे बघितलं, टोपी घेतली, चित पडलेले पत्ते तसेच टाकून घरी गेला.

काय म्हणणार होता कोण जाणे. तिमा कधी वाक्य पुरं करत नाही. पण जाताना फाटकातून ओरडून विचारलं त्यानं, की टोपी लागते का. रबराची लागते, म्हटलं. म्हणजे येतोय.

शुक्रवार, १२ एप्रिल

येला एका दिवसापुरती आली, आजोबांजवळ बसली, म्हणून तिमाला नेता आलं. तिमा एका कुशीवर पोहतो, पन्नास वर्षांपूर्वी नौदलानं शिकवलं तसं, डोळे मिटून, अगदी शांतपणे. नेवेना म्हणाली, "असं पोहणारा मी फोटोतच बघितलाय." पण पोचतो. माझ्याआधी तो, शेवटी मी, असं ठरलं.

मात्र वीस तारखेला, शर्यतीच्याच दिवशी, येलाची परीक्षा आहे. शर्यतीला अख्खा दिवस जाणार. तिमा नाही, येला नाही, मिलोसावाला मी माझ्या घरात पाय ठेवू देणार नाही. संध्याकाळी मिवाला म्हटलं, "मी नाही जात. दुसरी कुणी शोधतील."

"जाशील."

"आणि तू?"

"मी पण."

मला वाटलं जीभ जड आहे, नीट ऐकू आलं नाही. "कुठं?"

"सुबोतित्साला. बसायला काय, इथंही बसतो, तिथंही बसेन."

मी उगाच टेबल पुसत राहिले, स्वच्छच होतं ते.

रविवार, २१ एप्रिल

काल लिहायला झालं नाही, चमचासुद्धा उचलवत नव्हता. आज सगळं सांगते.

सकाळी मिवानं दाढी केली, डाव्या हातानं, स्वतः. तीन ठिकाणी कापलं. मी कागदाचे तुकडे चिकटवून दिले. राडिवोय भाच्याची मोठी गाडी घेऊन आला, स्वतः चालवत. त्यानं आणि ज्युरानं मिवाला दोन्हीकडून धरलं. फाटकाबाहेर आल्यावर मिवा थांबला. रस्त्यापलीकडे दोन बाया बोलत होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. मिवानं डाव्या हातानं टोपी उचलली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बोलायला लागल्या. तेवढंच. दोन वर्षं ज्याला घाबरला ते एवढंच निघालं.

वाटेत तो शेतं बघत होता. म्हणाला, गहू बरा आलाय.

सुबोतित्साचा तलाव केवढा. प्रेक्षकांची जागा वर, जिने चढून. मिवाला जिना कसा चढवायचा? राडिवोय खाली कुणाशीतरी बोलला, वाद घातला, पोस्टमनचा आवाज काढला, आणि कुठून तरी एक खुर्ची आणली. ती काठाशीच ठेवली, कठड्यामागं, आठव्या लेनच्या टोकाला. आम्हांला लेन सातवी मिळाली होती.

मग ती भानगड. कपडे बदलून आलो तर नेवेना पांढरी. शिकवणाऱ्यांना काठावर येऊ देत नाहीत म्हणे, त्यांना पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागतं. म्हणजे माझ्या डोक्यावर "आता" म्हणायला कुणी नाही. ती म्हणाली, "आजी, घाई करू नका. तिमाकाकांचा हात दिसल्यावर थोडं थांबा. उशीर चालेल. लवकर चालणार नाही. तिघंच संघ आहेत, बाद न होता पोचलात की तास आपला." मी हो म्हटलं. तिला काय सांगणार, की मला हात दिसत नाही, तिमासुद्धा दिसत नाही, फक्त पांढरा फेस दिसतो.

शिट्टी झाली. पिरोश्का गेली, पीठ मळल्यासारखी, दणादण. मग ज्युरा. हंगेरीतल्या सेगेदचा संघ कधीच पुढं गेला होता, त्यांची बेरीज तीनशे एक, एकेक पंचाहत्तरीचा आणि माशासारखा. दुसराही पुढं होता. मग तिमा उतरला आणि मी पाण्यात भिंत धरून उभी राहिले.

आवाज इतका, की आवाजच ऐकू येईना. तिमा डोळे मिटून येत असणार. मला धुकं दिसत होतं आणि धुक्यात काहीतरी हलत होतं. लागला का हात? नाही लागला? सोडलं आणि आधी सोडलं तर चौघांचं गेलं, तलावातला तास गेला, राडिवोयची जागा गेली ती पण फुकट. आणि नाही सोडलं तर मी तिथंच उभी राहणार, मूर्खासारखी.

तेव्हा माझ्या डोक्यावरून आवाज आला. "आत्ता."

जड नव्हता. त्या आवाजावर तीस वर्षं बैलगाड्या नावेवर चढल्या आणि उतरल्या. नदीच्या त्या काठाला ऐकू जायचा. मी विचार केलाच नाही, भिंत सोडली.

पुढचं फारसं आठवत नाही. निळ्या फरश्या मोजत होते, पंचवीसनंतर मोजायचं विसरले. शेवटी शेवटी पिरोश्काचा आवाज ऐकू आला, हंगेरियनमध्ये, मला अर्थ विचारायचा नाही. भिंत हाताला लागली. वर बघितलं तर पंचांमधली बाई आमच्या लेनवर वाकून हातातला कागद बघत होती, आणि मग तिनं अंगठा वर केला.

तिसरे. तिघांत तिसरे. कुणी काही म्हणो, पदक गळ्यात घातलं की गारच लागतं, कितव्या नंबरचं आहे हे गळ्याला कळत नाही.

मिवाजवळ गेले, पाणी निथळत. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तिमाचा हात लागल्यावर तू उगाच थांबलीस. अर्धा सेकंद घालवलास." आणि मग डाव्या हातानं माझी टोपी काढायला लागला, केस अडकले होते, निघेना. बराच वेळ तो ती काढत होता. मी उभी राहिले.

परतीच्या वाटेत राडिवोयनं पदक आरशाला लटकवलं आणि सुबोतित्सापासून गावापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. कुणी मागितलंही नाही.

मंगळवार, २३ एप्रिल

तलावाच्या दारावर कागद लागला. सप्टेंबरपासून, मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते बारा, ज्येष्ठांचा संघ. मॅनेजरची सही. पिरोश्कानं तो कागद दोनदा वाचला, मग मला वाचायला लावला, मग ज्युराला.

तिमा आता संघात राहणार. म्हणतो, पत्त्यांपेक्षा हे बरं, पत्ते मला कधी आवडलेच नाहीत. मी म्हटलं, मग दोन महिने का खेळलास? तो मिवाकडे बघायला लागला, आणि मिवा मधमाश्यांकडे, खिडकीबाहेर, तिथं मधमाश्या नव्हत्या. बाप्ये माणसं म्हातारपणी चमत्कारिक होतात.

पण आता मिवाजवळ कोण बसणार? मनात सारखं तेच होतं. तास मिळाला आणि आता जायला वेळ नाही, असं व्हायचं. मिवाला म्हटलं, शुक्रवारी बघू काय होतं ते.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी अंगणातून आत आले तर मिवा पलंगाच्या कडेला बसलेला. पायात चामड्याचे बूट. डाव्या पायाचे बंद बांधलेले, उजव्याचे लोंबत होते, ते एका हातानं जमत नाहीत. अंगात चांगला शर्ट. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजत होते.

म्हटलं, "अरे, तलाव अकराला आहे."

म्हणाला, "तू तिथं अर्धा सेकंद उशिरा सुटतेस. घरातून तरी वेळेवर नीघ."

मी खाली बसले आणि त्याच्या उजव्या बुटाचे बंद बांधले. दुहेरी गाठ मारली, रस्ता ओला होता.